चोर आणि कोतवाल

यवतमाळ जिल्ह्यात जंगल पाहायला जाणारा माणूस बहुधा टिपेश्वरला जातो, आणि टिपेश्वरला जाणारा वाघासाठी जातो. दीडशे चौरस किलोमीटरांच्या आतबाहेरचे हे सागवानी रान १९९७ साली अभयारण्य झाले. पांढरकवड्याहून सुन्ना गेटने आम्ही आत शिरलो, तेव्हा चैत्र संपत आला होता आणि साग पार बोडका झाला होता. मी एका पक्ष्यापाशी गाडी थांबवायला सांगितली, तशी वाटाड्या हसला. ''सारे लोक वाघ पाह्याले येतात साहेब, अन् तुमी पाखरू पाहून राह्यले!''

पाखरू होते टकाचोर. अंग साळुंकीएवढे, पण त्याला जवळजवळ फूटभर शेपटी! डोके, मान आणि छाती काजळ फासल्यासारखी, पाठ-पोट विटकरी, पंखावर राखी-पांढरा पट्टा, शेपटी राखाडी, टोकाला काळी. नर-मादी दिसायला सारखीच. कुळ कावळ्याचे, त्यामुळे आवाज कर्कश. पण लहर लागली की हाच पक्षी असा गोड, घुमारदार स्वर काढतो की ऐकणाऱ्याने भलत्याच झाडाकडे पाहावे.

टका म्हणजे जुने नाणे. विलायतेतल्या मॅग्पाय या त्याच्या भाऊबंदावरही चकाकत्या वस्तू चोरण्याचा आळ आहे. २०१४ साली तिकडे प्रयोग करून पाहिला, तर ते पक्षी असल्या वस्तूंना उलट बुजतात असे आढळले! टकाचोराची अंड्या-पिल्लांची चोरी मात्र खरी. त्या सकाळी माझ्यादेखत त्याने बुलबुलाचे पिल्लू उचलले. बुलबुलांनी आकांत केला, आणि हा शेजारच्या फांदीवर बसून शांतपणे न्याहारी करू लागला. पण खाण्याच्या बाबतीत त्याला विधिनिषेध नाहीच: वडाची फळे, सरडे, अळ्या, किडे, सगळे चालते.

गंमत त्याच्या संगतीची. सातभाई पाचोळा उलथत पुढे जातात, सुतार खोड ठोकतो, उडालेला किडा कोतवाल हवेत टिपतो, आणि या मेळाव्यात टकाचोरही असतो. चोर आणि कोतवाल एका पंगतीला बसलेले माणसांतही पाहायला मिळतात म्हणा, पण इतके उघडपणे नाही.

घरटे पाहायला मिळाले ते अभयारण्याबाहेर, एका वावराच्या धुऱ्यावरच्या बाभळीत. काटक्यांचे, कावळ्याच्या घरट्यासारखे. दोघे आळीपाळीने किडे आणून पिल्लांना भरवत होते. पऱ्हाट्या उपटून वावर मोकळे झाले होते. याच जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ते मनात होते, म्हणून वावराच्या मालकाला मी म्हणालो, ''हे पक्षी तुमच्या अळ्या खातात, ठाऊक आहे ना?''

''मालूम हाये,'' तो म्हणाला. ''पण वावर तीन एकर. एक पाखरू खाऊन खाऊन किती खाईन?''

यावर मी काय बोलणार? त्या साऱ्या हंगामाचा जमाखर्च त्याने एका वाक्यात मांडला होता. थोड्या वेळाने तोच सांगू लागला, बाभूळ यंदा तोडायची होती, घराला लाकूड हवे आहे.

''मग?''

''पिल्लं उडू द्या, मंग पाहू,'' म्हणाला, आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला.