पाणी कुठवर आलतं?

३ जून २०२४, सोमवार
सकाळीच एजंटचा फोन. "साहेब, तेवीसच्या वर कोण जाईना." रमणमळ्यातला हा तळमजल्याचा फ्लॅट घेताना तेहतीस लाखांना पडला होता. बँकेचे अजून २५ लाख ७० हजार देणं आहे. म्हणजे घर विकायचं, आणि वर पावणेतीन लाख आपणच भरायचे. शिरोलीतल्या फौंड्रीत ऑर्डरी आटल्या, तेव्हा इन्स्पेक्शनची आमची माणसं आधी कमी केली. मार्चपासून पगार नाही. हप्ता २०,७७० चा. हिच्या शिकवण्यांवर किराणा आणि पोराची फी निघते. हप्ता जातो तो साठवणीतून, आणि साठवण संपत आली आहे.

१४ जून, शुक्रवार
कर्जाचा उतारा काढून आणला. २०२१ च्या सुरुवातीला २७ लाख घेतले, व्याज ६.९ टक्के. रेपो दर मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला आणि माझं व्याज नऊच्या पुढं. बँकेनं हप्ता तेवढाच ठेवला, मुदत वाढवली. त्या वेळी बरं वाटलं होतं. आज पाहतोय तर गेल्या हप्त्यातले जेमतेम हजार रुपये मुद्दलात गेलेत. एकही हप्ता न चुकवता इतक्या दिवसांत मुद्दल फिटलं एक लाख तीस हजार!
ओळखीचे एक बँक अधिकारी आहेत, त्यांनी खोटा धीर दिला नाही. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए. मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. "लिलावात कमी आले तर उरलेलं तुमच्याच बोकांडी. घर गेलं म्हणून कर्ज जात नाही." तेव्हा खातं धड आहे तोवरच विकायला हवं.

३० जून, रविवार
गडहिंग्लजकडचे एक शिक्षक घर बघायला आले. बायको आणि वडील सोबत. म्हाताऱ्यानं ना स्वयंपाकघर पाहिलं, ना गॅलरी. दारातच विचारलं, "पाणी कुठवर आलतं?"
एजंटनं बजावलं होतं, रंग दिलाय, आपण होऊन काही बोलायचं नाही. पण भिंतच बोलते. २०२१ नंतर स्विचबोर्ड छातीइतके वर घेतले. खालची भोकं सिमेंटनं बुजवली, तिथं रंग ठरत नाही. लोणा धरतो, पापुद्रे सुटतात, बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला येते. मी नव्या बोर्डाजवळ हात ठेवून म्हणालो, "इथवर." त्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि गेले. एजंट अजून धुसफुसतोय.
लपवणार नाही. मला तेच सांगितलं होतं की २०१९ सारखा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. मुद्रांक शुल्काची सवलत संपत आली होती, त्या घाईत व्यवहार उरकला. त्याच वर्षी जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी रेषा असते २५ वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. माझ्या खरेदीखतात त्या रेषांचा एक शब्द नाही, बँकेच्या मूल्यांकनातही नाही. खरेदीखताच्या पहिल्याच पानावर ती रेषा छापली पाहिजे. घेणाऱ्याला वीस वर्षं हप्ते भरायचे असतात.

१९ जुलै, शुक्रवार
गल्लीतल्या बायका पंचगंगेचं नवं पाणी घेऊन त्र्यंबोलीला गेल्या. आईही गेली, टेकडी चढून आली. "एवढी पूजा घे आणि खालच्या अंगानंच जा, म्हटलं तिला."
गोकुळ शिरगावला मुलाखत झाली. अठरा हजार देतो म्हणतात. हप्त्यालाही पुरत नाहीत.

२७ जुलै, शनिवार
धोक्याची पातळी ४३ फूट. नदी त्याच्या वर आहे. गाद्या माळ्यावर टाकल्या, फ्रिज ओट्यावर चढवला. घर बघायला येणार होते त्यांनी फोन करून नको म्हणून कळवलं.

१२ ऑगस्ट, सोमवार
आमच्या वरच्या मजल्यावरचे डॉक्टर खालचा फ्लॅट दवाखान्यासाठी घेतायत. २२ लाख ८० हजार. दोन्ही पूर त्यांनी गॅलरीतून पाहिलेत, त्यांना सांगायचं काहीच नव्हतं. किंमत कमी ठरली तरी मुद्रांक शुल्क त्यांना रेडीरेकनरप्रमाणंच भरावं लागेल, म्हणून ते वर सरकेनात. मीही फार ताणलं नाही.
तफावत २ लाख ९० हजारांची. ती मी आधी भरायची, मग त्यांच्या बँकेचा चेक, मग आमच्या बँकेचा ना हरकत दाखला. नोकरी सुटून महिना झाला की पीएफमधले ७५ टक्के काढता येतात. ही म्हणाली, "अहो, म्हातारपणाचे पैसे आहेत ते. माझ्या पाटल्या मोडा." रात्री उशिरापर्यंत यावर बोलणं झालं. पाटल्या तिच्या आईच्या आहेत, त्यांना हात लावणार नाही. पीएफचा अर्ज भरला.
कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम गेल्या डिसेंबरपासून लागू आहे. डॉक्टरांना तो दाखवला, तेव्हा ते इसार द्यायला तयार झाले. साठेखत शुक्रवारी. अठरा हजारांच्या नोकरीला होकार कळवलाय. कळंब्याला पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं भाडं सात हजार आहे, ते त्यात बसतं.