हातातला खडू

या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा शाळेच्या आरंभीच्या दिवसांविषयी लिहावे असे मनात होते. परंतु पत्र्याच्या शेडमधले ते वर्ग, वसतिगृहातली पहिली रात्र, धान्य मागत गावोगाव फिरणारे आमचे ज्येष्ठ सहकारी, हे सारे इतर लेखक माझ्याहून चांगले लिहितील. मी माझ्या हातातून पडलेल्या एका खडूविषयी लिहिणार आहे.

सहावीच्या वर्गात सातवाहनांची नाणी शिकवत होते. फळ्यावर लिहिता लिहिता मुलांमध्ये कुजबूज सुरू झाली. मागे वळून पाहिले, तर पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, खडू खाली पडलाय. तुम्ही नुसताच हात फिरवताय." मी बोटांकडे पाहिले. बोटे खडू धरल्यासारखी मिटलेली होती आणि त्यांत खडू नव्हता. मुले हसली नाहीत. हसली असती तर बरे वाटले असते.

त्याच्या आदल्या वर्षी मला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले होते. नांदूरघाटहून केज, तेथून कळंबमार्गे बार्शी हा रस्ता आमच्या भागातल्या कितीतरी कुटुंबांच्या पायाखालचा आहे. बार्शीचे कर्करोग रुग्णालय आम्हां खेड्यांतल्या माणसांचा मोठा आधार. ग्रामीण भारतातली पहिली कर्करोग नोंदवही १९८७ साली तेथेच सुरू झाली. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या गोष्टीचे अप्रूप वाटते. ज्यांच्या जन्माची धड नोंद नाही, अशा माणसांच्या आजाराची तरी नोंद होऊ लागली.

शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी सुरू झाली. दुसऱ्या टप्प्यात पॅक्लिटॅक्सेल नावाचे औषध दर आठवड्याला एकदा, असे बारा आठवडे द्यायचे ठरले. पाचव्या आठवड्यानंतर पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग तळवे जळू लागले. चप्पल पायातून निसटे आणि मला ते चार पावले पुढे गेल्यावर कळे. नंतर हातांची पाळी आली. पातळाची पिन लागेना, पिशवीतले रुपयाचे आणि दोन रुपयांचे नाणे चाचपून ओळखता येईना.

हे मी डॉक्टरांना सांगितले नाही. माझ्या आयुष्यातली ही चूक मी येथे मुद्दाम नोंदवीत आहे. त्रास सांगितला तर औषध बंद करतील आणि औषध बंद झाले तर आजार उलटेल, ही भीती होती. दुसरे कारण अधिक खोल होते. आमच्या घरात सोसणे हाच बाईचा गुण मानला गेला. आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी केली, पण हात दुखतो असे तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. शिकून सवरून मी वर्गात प्रश्न विचारायला शिकवीत होते आणि स्वतः मात्र आईचीच लेक राहिले होते.

नवव्या आठवड्यात रुग्णालयाच्या पायरीवर पाय अडखळून पडले, तेव्हा सगळे सांगावे लागले. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मी नंतर वाचनाने पडताळून पाहिले. मज्जापेशीत कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांवरून पेशीला लागणाऱ्या पदार्थांची ने-आण चालते. पॅक्लिटॅक्सेल या नलिका गोठवून टाकते. त्यामुळे कर्करोगाच्या पेशीचे विभाजन थांबते, पण मज्जातंतूतली वाहतूकही अडते. आपल्याकडे कालव्याला पाणी कमी सोडले की टेलचे शेत आधी वाळते. शरीरातले टेलचे शेत म्हणजे पायाची आणि हाताची बोटे. म्हणूनच हा त्रास मोजे आणि हातमोजे घातल्यासारखा तेवढ्याच भागात जाणवतो. तो वेळीच सांगितला तर मात्रा आणि अंतर बदलता येते. उशीर झाला तर काहींच्या बाबतीत तो उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षे राहतो.

औषधे संपली, तरी माझी जळजळ राहिली. ड्युलॉक्सेटिन ही गोळी सुरू झाली. या प्रकारच्या वेदनेवर पुरेसा पुरावा असलेले औषध आजतरी तेवढे एकच आहे, आणि तेही वेदनेवर अधिक, बधिरपणावर कमी. मला थोडा उतार पडला. दरम्यान सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी काढा सुचवला, कोणी अंगारा. एका शिकलेल्या नातेवाइकाने असेटिल-एल-कार्निटिनच्या महागड्या गोळ्या आणून दिल्या. डॉक्टरांनी त्या घेऊ दिल्या नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात केमोथेरपी चालू असताना त्या घेणाऱ्या स्त्रियांचा हाच त्रास उलट वाढलेला आढळला होता. अंगाऱ्याला नाही म्हणणे आम्हांला सोपे जाते. पाकिटात बंद केलेल्या गोळीचीही तशीच चौकशी करावी लागते, हा धडा मला तेव्हा मिळाला.

अ‍ॅक्युपंक्चरचे नाव काढले सोलापूरच्या माझ्या बहिणीने. तिच्या शेजारी एक डॉक्टरबाई हे उपचार करीत. सोलापूर म्हटल्यावर मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा तरुण १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मरण पावला. ही विद्या कोटणीसांनी भारतात आणली, असे सांगणारे भेटतात. ते खरे नव्हे. त्यांच्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही पद्धती शिकले आणि १९५९ च्या सुमारास कलकत्त्यात त्यांनी तिचा वापर सुरू केला. नंतर पश्चिम बंगालने १९९६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने तिला कायद्याची चौकट दिली.

परंतु इतिहास जुना आहे म्हणून उपचार खरा ठरत नाही. परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले किंवा गुरू म्हणाले म्हणून स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश मी दरवर्षी मुलांना शिकवते. तो चीनच्या परंपरेलाही लागू पडतो. म्हणून आधी वाचले. न्यूयॉर्कमध्ये ७५ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला होता. काहींना खऱ्या सुया, काहींना टोचल्याचा नुसता भास, काहींना नेहमीचेच उपचार. आठ आठवड्यांनी खऱ्या सुयांच्या गटातली वेदना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली होती. मात्र नुसता भास झालेल्यांनाही थोडे बरे वाटले होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले की, लाभाची शक्यता दिसते, पण शिफारस करण्याइतका पुरावा अद्याप नाही. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर साधने मिळाली आहेत, निष्कर्षाला अजून वेळ आहे.

बार्शीच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी तीन अटी घातल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स पुरेशा असल्याची तपासणी आधी करायची. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताला सुई लावायची नाही, कारण त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. शिवाय गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बहिणीकडे राहिले आणि सहा आठवड्यांत बारा वेळा उपचार घेतले.

सुई केसासारखी बारीक आणि भरीव असते. इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नव्हे. गुडघ्याखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, एका हाताच्या अंगठ्याजवळ अशा सुया लावून अर्धा तास पडून राहायचे. टोचल्याचे फारसे कळत नसे. आत एक जड, मुरल्यासारखी संवेदना येई. मी एक वही ठेवली होती. रोज रात्री वेदनेला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यायचा आणि डोळे मिटून दहा नाणी ओळखायची.

वही सांगते ते असे: आरंभी रात्रीची वेदना सात होती, सुट्टीअखेर तीन. झोप परतली. नाणी मात्र आधी दहांपैकी चार ओळखू येत, नंतर पाच. म्हणजे आग विझत आली, बधिरपणा जवळपास तसाच राहिला. यात सुईचा वाटा किती, गोळीचा किती, काळाचा किती आणि बहिणीच्या हातच्या जेवणाचा किती, हे एका बाईच्या एका वहीवरून ठरत नाही. ज्यांना विचारायचे असेल त्यांना मी एवढेच सांगते: डॉक्टरांना विचारून, रक्त तपासून, खिशाला झेपत असेल तर घेऊन पाहावे, पण कर्करोगाच्या औषधाऐवजी कदापि नव्हे.

त्या रात्रींत बाबासाहेबांचे १९४८ हे वर्ष अनेकदा आठवे. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना मधुमेह आणि पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदना यांनी त्यांना ग्रासले होते. रात्री झोप नसे. आपण त्यांचे काम सांगतो, त्यांची वेदना सांगत नाही. पण त्यांनी ती लपवली नव्हती. ती त्यांनी पत्रांत लिहिली, डॉक्टरांना दाखवली आणि त्यांचे उपचार घेतले. बुद्धिवादी माणूस सोसण्याला गुण मानत नाही, हे मला फार उशिरा उमगले.

गेल्या वर्षी आपल्या वसतिगृहातल्या एका मुलाची आई भेटायला आली. ऊसतोडीला जाणारी. तिचीही केमोथेरपी चालू होती. "बाई, कोयता हातात हाय का न्हाई तेच कळंना," ती म्हणाली. आमच्याकडे नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात; बाईचा हात थांबला तर अर्धा नव्हे, अख्खा कोयता थांबतो आणि घेतलेली उचल अंगावर राहते. माझा खडू पडला तर फळा रिकामा राहतो. तिच्या हातातून कोयता सुटला तर तो पायावर पडेल आणि पायालाही कळणार नाही. डॉक्टरांना सांगितले का, असे विचारले. तिने मान हलवली. मी तिला माझी वही दाखवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत गेले. तिची मात्रा वेळेत बदलली गेली.

आज मी जाड कागद गुंडाळून खडू धरते. पाय रोज रात्री आरशात पाहते, गरम पाण्याचा अंदाज कोपराने घेते. नाणी अजून पाचच ओळखू येतात. पण खडू पडला की मुले लगेच सांगतात आणि मी त्यांना थांबवत नाही. या शाळेने त्यांना विचारायला शिकवले. दुखते तेव्हा सांगायलाही आपण शिकवूया, आणि घरी जाऊन ते आईलाही शिकवा, असे बजावूया.