प्राप्तिकराचे शब्दकोडे

प्राप्तिकराचा इतिहास बहुधा दरांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु दर ठरवण्याआधी उत्पन्न कशाला म्हणायचे हे प्रत्येक कायद्याला ठरवावे लागले, आणि कराचा भार कोणावर पडेल हे मुख्यतः त्या व्याख्येनेच निश्चित केले. दिवाळी अंकाच्या वाचकांना परिचित असलेल्या शब्दकोड्यातील शोधसूत्रांच्या आधारे ही प्रक्रिया वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात उलगडता येते.

पहिले सूत्र : १८६० साली करपात्र, १८८६ पासून करमुक्त, दोन अक्षरी. उत्तर आहे ‘शेती’. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी वित्त सदस्य जेम्स विल्सन यांनी आणलेला कायदा २४ जुलै १८६० रोजी लागू झाला. वार्षिक २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर दोन टक्के आणि त्यापुढे चार टक्के, असा त्याचा दर होता व जमिनीचे उत्पन्नही त्याच्या कक्षेत होते. हा कायदा अमलात असतानाच, १८६२ साली, नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला. १८६५ साली कायद्याची मुदत संपली आणि पुढे परवाना कर, प्रमाणपत्र कर असे प्रयोग झाल्यावर १८८६ च्या कायद्याने प्राप्तिकर स्थिर केला. मात्र शेतकरी जमीन महसूल आधीच भरतो या विचाराने शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले. परिणामी हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याची रक्कम करमुक्त राहिली, तर त्याच कापसावर अडत्याला मिळणारी अडत, जिनिंगवाल्याचा नफा आणि सावकाराचे व्याज करपात्र ठरले. के. एन. राज समितीच्या १९७२ च्या अहवालानंतर शेतीचे उत्पन्न इतर उत्पन्नावरील दर ठरवण्यापुरते हिशेबात धरले जाऊ लागले. ते स्वतः करमुक्तच राहिले.

दुसरे सूत्र : १९७२ पूर्वी करमुक्त, नंतर करपात्र, उत्तर वाचकाच्या हातात. येथे उत्तर आहे शब्दकोड्याचे बक्षीस. प्रवेश शुल्क घेऊन मोठी बक्षिसे देणाऱ्या कोड्यांवर मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने परवाना व कर बसवला होता. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून अशी कोडी चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांनी त्याला आव्हान दिले. ९ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे वर्धा जिल्हा मुंबई राज्यात आल्यानंतर पाचएक महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नशिबावर अवलंबून असलेली अशी स्पर्धा हा जुगार असून त्याला व्यापार स्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही. कोडे चालवणाऱ्यावर राज्याचा कर असा कायम झाला, तरी जिंकणाऱ्याचे बक्षीस ‘आकस्मिक’ म्हणजे अनपेक्षित व पुन्हा न होणारी प्राप्ती म्हणून केंद्राच्या प्राप्तिकरातून सुटत होते. १९७२ च्या वित्त अधिनियमाने लॉटरी, शब्दकोडी, शर्यती व पत्त्यांचे डाव यांतील प्राप्ती उत्पन्नाच्या व्याख्येत नावानिशी घातली. पुढे अशा प्राप्तीवर अधिभार व उपकर सोडून तीस टक्के असा स्वतंत्र दर आला, ज्यातून प्रवेश शुल्कासारखा खर्चही वजा करता येत नाही.

तिसरे सूत्र : अमेरिकेत करशास्त्र शिकून वर्ध्याच्या मगनवाडीत कामास लागलेला लेखापाल; चार अक्षरी. उत्तर आहे ‘कुमारप्पा’. जे. सी. कुमारप्पा यांनी कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्त, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचे शास्त्र, अभ्यासले, त्याआधी डॉ. आंबेडकरांनीही त्याच गुरूकडे अध्ययन केले होते. कुमारप्पांचा भारतीय दारिद्र्य व सार्वजनिक वित्त यांवरील ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला आणि १९३४ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते चिटणीस झाले. गरिबांकडून गोळा होणारा महसूल लष्कर व उच्च पगारांवर खर्च होऊन त्यांच्याकडे परतत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

पहिली दोन सूत्रे कर कोणाकडून घ्यायचा याची उत्तरे देतात आणि संसद ती एका वित्त अधिनियमाने बदलू शकते. तिसरे सूत्र घेतलेला कर कोणापर्यंत पोहोचला हे विचारते; त्याचे उत्तर उत्पन्नाच्या कोणत्याही व्याख्येत मिळत नाही, त्यासाठी अर्थसंकल्पाची खर्चाची बाजूच वाचावी लागते.