पापुद्रा

माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काय करू नये हे मात्र कोणी सांगत नाही. सांगितले असते तर पेट्रोलवर चालणारी करवत मी घेतली नसती. आमच्या दापोलीकडे तिला 'कटर' म्हणतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले आणि आमच्या वाडीतल्या अकरा पोफळी, चार माड आणि वडिलांनी लावलेला आंबा आडवा करून गेले. तेव्हा भाड्याच्या कटरवाल्यासाठी आम्ही बारा दिवस थांबलो. मुलीच्या लग्नात व्याह्यांची केली नव्हती एवढी मनधरणी त्या गृहस्थाची केली. शेवटी तो आला, दोन तासांत सगळे कापून मोकळा झाला, आणि आपलाही एक कटर असावा हे खूळ माझ्या डोक्यात सोडून गेला.

कटर तीन वर्षे उत्तम चालला. म्हणजे मी तो फारसा चालवलाच नाही. मग गेल्या वर्षी एका दुपारी मला तो साफ करायची बुद्धी झाली. चालते यंत्र उघडू नये, हे चाळीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला कळायला हवे होते. चालत्या फायलीला तरी मी कधी हात लावला होता?

कटरचा सायलेन्सर म्हणजे पत्र्याची एक डबी. दोन लांब स्क्रूंवर ती इंजिनाला चिकटलेली असते. ती काढली, काजळी खरवडली, पुन्हा लावली. मधे एक काळा, कुरतडल्यासारखा पापुद्रा निघाला, तो जळका कागद समजून ओट्यावर टाकून दिला. "काही उरलं नाही ना हो?" असे हिने आतून विचारले. यंत्र मी उघडले की ती हा प्रश्न विचारतेच. मी ठासून "नाही" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दोरी ओढली मात्र, आळीतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. आवाज सायलेन्सरच्या तोंडातून न येता बुडातून येत होता. फट् फट् फट्, आणि इंजिनाच्या कडेने गरम वाफारा. दहा मिनिटांत बाजूचे प्लॅस्टिकचे आवरण कोपऱ्यात मऊ पडले. मी स्क्रू आवळले. आवाज तोच. आणखी आवळले. मग दोन रंगांच्या वड्या मळून लावायचा तो लेप लिंपला. तो संध्याकाळपर्यंत भाकरीसारखा तडकला. मग तांबडा सिलिकॉन आणला. त्याच्या नळीवर ३०० अंशांपर्यंत टिकतो असे छापले होते आणि ते खोटे नसावे. पण इंजिनातून निघणारा धूर सहज ५०० च्या पुढे जातो, हे त्या नळीला तरी कोण सांगणार? चौथ्या दिवशी मी कटर पोत्यात गुंडाळून पडवीत ठेवला आणि बागकामावरची पुस्तके वाचू लागलो.

तिथेच हे संपायचे. पण आषाढात एका रात्री शेजारच्या काकूंचा फणस उन्मळला. पडला तो नेमका गोठ्याच्या दारावर. आत गाय, आणि तिचे दिवस भरलेले. गडीमाणसे सगळी लावणीला चिखलात. भाड्याच्या कटरवाल्याने चार दिवसांनंतरची वेळ दिली. काकू पंचाऐंशीच्या, खिडकीतून आत पेंढा टाकत होत्या आणि गायीशी बोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाळा, तुझं ते भूत आहे ना? ते एवढं उठव की!"

एवढ्या मोठ्या माणसाला 'भुताच्या बुडातून हवा जाते' हे कसे सांगणार? कटर घेऊन नाक्यावरच्या मेकॅनिक पोराकडे गेलो. त्याने एकदा दोरी ओढली, लगेच बंद केले आणि विचारले, "काका, गॅस्केट कुठंय?"

"कसलं गॅस्केट?"

"मधे एक काळा पापुद्रा असतो."

मी हळूच मोबाइल काढून घरी फोन लावला. "अहो, तो माझ्या शिवणाच्या मशीनच्या खणात आहे," ही म्हणाली. "तुम्ही काही उरलं नाही म्हणालात ना, तेव्हाच उचलून ठेवला." मी यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हते.

पापुद्रा आला, पण त्याची एक कड जळून गेलेली. नवा चाळीस रुपयांचा, पण मागवायला आठ दिवस. पोराने थंड पेयाचा रिकामा डबा कापून पत्रा सपाट केला, जुना पापुद्रा त्यावर ठेवून रेघ मारली आणि कात्रीने तसाच कापला. "नवा येईपर्यंत चालेल." मग दोरी हळू ओढून पिस्टन वर घेतला, म्हणजे भोक बंद होते आणि खरवडलेली काजळी आत पडत नाही. मी हे केले नव्हते, हे त्याला सांगितलेही नाही. त्याने माझा सिलिकॉन पितळी पट्टीने खरवडून काढला. सायलेन्सरची बसायची कड काचेवर ठेवली तर ती डुगडुगायला लागली. "जास्त आवळलंत काका, वाकलीय. आटे गेले नाहीत हे नशीब. अल्युमिनियम आहे ते." काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर ती कड आठाच्या आकड्यासारखी फिरवत बसणे हे काम मला दिले. वीस मिनिटे फिरवली. सगळीकडून सारखी चकाकी आली तेव्हा तो "झालं" म्हणाला, आणि मला पदवीदान समारंभाची आठवण झाली.

स्क्रूही त्याने एकदम आवळले नाहीत. थोडा हा, थोडा तो. मग प्लगची टोपी काढली, कडेला साबणाचे पाणी लावले आणि मला सायलेन्सरच्या तोंडावर चिंधीचा बोळा दाबून धरायला लावून दोरी ओढली. बुडबुडा नाही. "आमच्या घरी उदबत्ती धरून बघू म्हणत होते," मी म्हणालो. त्याने शेजारच्या पेट्रोलच्या कॅनकडे बघितले आणि मग माझ्याकडे. उदबत्तीची कल्पना माझीच होती, पण असल्या वेळी घरच्यांचा उपयोग होतो.

पाच मिनिटे चालवून, पुरता थंड करून, स्क्रू पुन्हा चिमूटभर आवळले. गरम झाल्यावर ते सैल पडतातच म्हणे. पोर कटर घेऊन माझ्याबरोबर आले. कापले त्यानेच, मी फांद्या ओढल्या. आवाज झाला तो सरळ सायलेन्सरच्या तोंडातून.

तिन्हीसांजेला गोठ्याचे दार उघडले. गाय पहाटे व्याली, पाडी झाली. काकू चीक घेऊन आल्या तेव्हा ही शिवणाच्या मशीनपाशी बसली होती, आणि खण अर्धवट उघडा होता. त्यात एक स्प्रिंग, दोन वॉशर आणि मिक्सरचा एक तुकडा मला दिसला. मी चीक घेऊन स्वयंपाकघरात गेलो.