कॉर्फूला जायचंय, पण चूल डोक्यावर घेऊन नाही



यंदा मे महिन्यात आम्ही ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर जायचं म्हणतोय. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील, त्याचं निमित्त. ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी घरं, निळे घुमट आणि उघडे खडक येतात. कॉर्फू तसं नाही. ते पश्चिमेला, आयोनियन समुद्रात, अल्बानियाच्या किनाऱ्याला लागून आहे. तिथं वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही आपल्या उलट, म्हणजे मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च. त्यामुळे मे महिन्यात आपल्याकडे माती तापलेली असते तेव्हा ते बेट हिरवंगार असतं. ऑलिव्हची तर लाखो झाडं. १३८६ ते १७९७ अशी चारशे वर्षं तिथं व्हेनिसचं राज्य होतं. त्यांनीच लोकांना बक्षिसं देऊन ही झाडं लावून घेतली.

घरात ठिकाण पटकन ठरलं. अडलं ते जेवणावर. सासूबाई बहात्तर वर्षांच्या. रात्रिभोजन त्याग, कंदमूळ नाही, पाणी गाळून आणि उकळून. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. माझं तिथं जमायचं नाही." त्यावर आमचे हे म्हणाले, "स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेऊ की." आणि लेक हसत म्हणाला, "आई आहेच ना!"

हे "आई आहेच ना" तुमच्याही ओळखीचं असेल. तीर्थयात्रा असो, लग्नघर असो की समुद्रकिनारा, चूल आपल्याबरोबर प्रवास करते. सासूबाईंना मागे ठेवून जायचं माझ्या मनात नाही, आणि आठ दिवस परक्या ओट्यापाशी उभं राहायचंही नाही. म्हणून मी ठरवलं की या दोन्ही गोष्टी जमतील असाच बेत करायचा. तो कसा केला ते सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्याला वाटतं परदेशात सूर्यास्तापूर्वी जेवण म्हणजे दिव्य. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कॉर्फूत सूर्य पावणेनऊच्या पुढे मावळतो, जूनअखेर तर नऊच्या सुमारास. सात वाजता निवांत जेवून पुन्हा फिरायला जाता येतं. ग्रीक माणसं उशिरा जेवतात, त्यामुळे सातला खाणावळीत गर्दी नसते आणि आपलं म्हणणं ऐकून घ्यायला वाढप्याला सवड असते. चातुर्मासाच्या आधी परत येणं हाही मे महिन्याचा फायदा.

दुसरी गोष्ट जेवणाची. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांमध्ये उपवास फार. ईस्टरच्या आधीचे कितीतरी आठवडे, ऑगस्टचे पहिले चौदा दिवस, शिवाय बहुतेक बुधवार-शुक्रवार. त्या दिवशी श्रद्धाळू माणसं मांस, अंडी, दूध घेत नाहीत. अशा अन्नाला ते 'निस्तीसिमो' म्हणतात. हा शब्द सांगितला की समोरच्याला निम्मं कळतं. पण सावध राहा! त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो. म्हणून हा एकच शब्द पुरत नाही.

लेकीनं आमच्यासाठी शब्दांची यादी केली आहे. 'होरीस' म्हणजे शिवाय. होरीस क्रेमीदी, कांद्याशिवाय. होरीस स्कोर्दो, लसणाशिवाय. पताता आणि करोतो ओळखता येतातच. अंड्याला अव्गो, माशाला प्सारी, मांसाला क्रेआस. आणि मधाला म्हणतात 'मेली'! सासूबाई हे ऐकून इतक्या हसल्या की आता घरात मधाचं नावच "ती मेली" पडलं आहे. पण ही मेली लक्षात ठेवायलाच हवी. तिथं दह्यावर मध घालतात, मिठाईतही घालतात. आपल्या अष्टमूलगुणांत मद्य, मांस, मधू आणि पाच उदुंबर फळं येतात. अंजीर त्यांतलंच, आणि कॉर्फूत अंजिराच्या वड्या भेट म्हणून विकतात. कॉर्फूची खास जिंजर बिअर, 'त्सित्सिबिरा', ब्रिटिशांच्या काळापासूनची. तीत ओलं आलं असतं आणि ती आंबवलेलीही असते, तेव्हा तीही नाही. फेटा चीजमध्ये बहुतेकदा जनावराच्या जठरातलं रेनेट असतं, म्हणून ते आम्ही वगळलं.

मग उरलं काय? पुष्कळ. 'होर्ता' म्हणजे उकडलेली पालेभाजी, वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबू. टोमॅटो-काकडीची कोशिंबीर, कांदा आणि फेटा वगळून. दही, पाव, भात. चेरी, जर्दाळू. शिवाय कमक्वाट, बोराएवढं संत्रं, सालीसकट खायचं. तेही ब्रिटिशांनी आणलं. मसुराची आमटी आणि मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी तिथं सगळीकडे मिळते, पण तिच्यात कांदा-लसूण आधीच शिजलेला असतो. ती मात्र घरीच करावी लागेल.

म्हणजे घरी करायचं ते फक्त एक वेळचं. डाळ-तांदूळ इथून न्यायची गरज नाही, तिथल्या दुकानात मिळतात. भाजीबाजार कॉर्फू शहरात नव्या किल्ल्याच्या पायथ्याशी भरतो. बरोबर न्यायचं ते कडक भाकऱ्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सुंठ, मसाल्याचा डबा आणि पाण्याचं गाळणं. एक लक्षात ठेवा, बाहेरून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणून तूप, पनीर, खवा यादीतून काढले. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नाहीत.

तिसरी गोष्ट राहण्याची. मुलांना समुद्राकाठचं घर हवं होतं. मी जुन्या शहरातलं शोधते आहे, कारण सासूबाईंना स्वतःच्या पायांनी बाहेर पडता यावं. त्या गल्ल्या अरुंद आहेत, बऱ्याच ठिकाणी गाड्या येत नाहीत. २००७ पासून हे जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. समोर स्पियानादा नावाचं मोठं मैदान, कडेला कमानींची ओळ आणि बाकं. मैदानावर ब्रिटिशांच्या दिवसांपासून क्रिकेट खेळतात, म्हणजे यांचीही सोय झाली! मुलं बसनं पालेओकास्त्रित्साच्या किनाऱ्यावर जाऊन येतील.

देवदर्शनाचा प्रश्न सासूबाईंनी स्वतः सोडवला. तिथं जिनमंदिर नाही, मग रोजच्या नियमाचं काय, हे त्यांनी माताजींना विचारलं आणि नियम किती दिवसांसाठी कसा पाळायचा ते ठरवून घेतलं. त्या दिवसापासून "माझं जमायचं नाही" हे वाक्य बंद झालं.

व्हिसा शेंगेन. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. विमानात जैन जेवण हवं तर आधी नोंदवावं लागतं. मुंबईहून अथेन्स, तिथून कॉर्फू तासाभराचं.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं मुख्य. फ्रिजवर कागद लावला आहे. आठ दिवस, आठ स्वयंपाक. सोमवारी हे आणि मी, मंगळवारी लेक, बुधवारी लेकीची पाळी, असं पुढे. सासूबाईंनी पाणी उकळून गाळण्याचं काम आपणहून घेतलं. यांना कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापलीकडे काही येत नव्हतं. गेले तीन रविवार ते खिचडी करताहेत. पहिली करपली, दुसरी अळणी, तिसरी सासूबाईंनी मागून घेतली. आपला संयम पाळायला घरातल्या एकीनं आपली सुट्टी द्यावी लागत असेल, तर तो संयम सगळ्यांचा कसा म्हणायचा? नियम घराचा, तर कष्टही घराचे. हे भांडून सांगावं लागलं नाही, कागदावर लिहिलं तेवढं पुरलं.

आठपैकी माझ्या वाट्याला दोन स्वयंपाक आले आहेत. उरलेल्या सहा दिवशी मी काय करणार, असं लेकीनं विचारलं. मी म्हटलं, ऑलिव्हच्या झाडाखाली बसणार. कोणी हाक मारली तर ओ देणार नाही.

जय जिनेंद्र.