बारा मिनिटें

कांहीं दिवस असे उगवतात कीं, ते संपतात एवढाच त्यांचा गुण. गाडी उशिरा येते. कचेरींत जो कागद हवा तो सोडून बाकीचे सारे सांपडतात. वाऱ्यानें छत्री उलटी होते, तीहि नेमकी पाऊस जोरांत असतांना. यांतलें एकहि संकट सांगण्यासारखें नसतें. मोठ्या दुःखाला शेजारीपाजारी समाचाराला येतात. असल्या किरकोळ वैतागाला विचारतो कोण?

म्हणून त्यावरचे उपायहि किरकोळच असावे लागतात. ओले बूट काढून मोरींत गार पाण्यानें पाय धुणें, धुऊन धुऊन मऊ झालेला जुना सदरा अंगांत घालणें, बशींत ओतलेला चहा फुर्र करून पिणें (सभ्य समाजांत निषिद्ध असलेला हा आवाज माझ्या मतें चहाची निम्मी चव आहे), आणि रात्रीं गुरगुट्या भातावर मेतकूट नि तूप. ह्या सुखांचा मोठेपणा असा कीं, तीं आपल्याला कांहीं विचारीत नाहींत. दिवसभर उत्तरें देऊन थकलेल्या माणसाला आणखी काय हवें?

दूरदर्शनचा संच मात्र प्रश्नापासूनच सुरुवात करतो : काय पाहणार? पूर्वीं तसें नव्हतें. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें तेव्हां वाहिनी एकच, तीहि कृष्णधवल, आणि संध्याकाळचे मोजके तास. जें लागेल तें पाहावयाचें. मधेंच ‘व्यत्यय’ अशी पाटी आली तर तीहि पाहावयाची. आतां शेंकडों वाहिन्यांतून निवड करतां करतां चहा निवतो. बातम्या लावाव्या तर पडद्यावर आठ चौकटी, आणि आठहि माणसें एकदम बोलत असतात.

त्यांतून जाहिराती! त्या लागल्या कीं आवाज वाढल्यासारखा वाटतो, तो निव्वळ भास नव्हे. नाटकांत कुजबूज असते, शांतता असते. जाहिरातींत हळू स्वरहि मोठ्याच्या बरोबरीला आणून बसवलेले असतात. दोहोंतला सर्वांत मोठा स्वर सारखाच असला, तरी कोठें उसंत नसल्यामुळें कानाला जाहिरात अधिक लागते. अमेरिकेंत ह्या कटकटीवर २०१० सालीं खास कायदा झाला. आपल्याकडे केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत वेळेला मर्यादा घातलेली आहे : तासाला बारा मिनिटें.

आमच्या घरीं ह्या बारा मिनिटांना निराळेंच मोल आहे. आईनें ऐंशी ओलांडली. तिला ऐकूं कमी येतें, त्यामुळें संच भिंतीपलीकडे ऐकूं जाईल असा लागतो. रात्रींची तिची मालिका, जींतली धाकटी सून गेलीं तीन वर्षें एकच कट रचीत आहे, मी तिच्याशेजारीं बसून सोसतों. मालिका चालू असतां ती बोलत नाहीं, मला बोलूं देत नाहीं. जाहिरात आली कीं आवाज बंद करून माझ्याकडे वळते. दुपारीं दारावर कोण आलें होतें, कुंडींतला ओवा किती फोफावला, वडील नि ती शेजारच्या घरीं पहिल्यांदा दूरदर्शन पाहावयाला गेलीं तेव्हां सतरंजीवर जागा कशी पुरली नाहीं. दिवसभर घरांत ती एकटीच असते. गोष्ट अर्धवट राहते. उरलेली पुढच्या जाहिरातींत.

हल्लीं मधला एखादा धागा तिच्या हातून सुटतो. काल वडिलांच्या कचेरींतल्या एका मित्राचें नांव तिला आठवेना. पडद्यावरून साबण, चहा, भिंतींचा रंग, विमा, सारे मुकाट्यानें चालले होते. नांव जिभेवर आलें असें ती म्हणाली, आणि तेवढ्यांत मालिका सुरू झाली. सून पडद्यावर तोंड हलवूं लागली. आईनें रिमोट उचलून मांडीवर घेतला. आवाज मात्र लावला नाहीं.