मायचे गठुडे

नांदेडच्या बसस्थानकात लातूरची गाडी लागली तेव्हा आमच्या दोन हातांत दोन ओझी होती. उजव्या हातात वजिराबादच्या दुकानातून आणलेले गुलाबी ब्लँकेट, चेनच्या प्लास्टिक पिशवीत, वर हसऱ्या बाळाचे चित्र छापलेले. डाव्या हातात मायचे गठुडे, जुन्या धोतराच्या धडप्यात चार गाठी मारून बांधलेले. खरे सांगायचे तर ब्लँकेट चारचौघांना दिसेल असे आम्ही मांडीवर घेतले आणि गठुडे सीटखाली सरकवले. मायने ते लगेच ओढून आपल्या मांडीवर ठेवले.

"खाली कशाला ठेवायलास? लेकराचं हाय ते."

भाचीला मुलगी झाली होती. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, किल्लारीजवळच्या गावात. वैशाखातल्या रविवारी नामकरण ठरले. गठुड्यात होते एक दुपटे, एक कुंची आणि बाळंतिणीसाठी एक गोधडी. चार महिने माय त्यावर बसली होती. तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसरा डोळा तसाच आहे. सुईत दोरा ओवणे आता तिला जमत नाही. म्हणून आमची धाकटी लेक रोज शाळेला जाण्याआधी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवी आणि संध्याकाळी आल्यावर रिकाम्या सुया मोजी. सात रिकाम्या म्हणजे आजीची तब्येत बरी. चार रिकाम्या म्हणजे आजी दिवसभर पडून होती.

गोधडी शिवणे हे उन्हाळ्याचे काम. शेतात काही नसते, ऊन कडक, धुतलेली चिंधी तासाभरात वाळते. आधी जुनी लुगडी, धोतरे धुवून, फाटका भाग काढून, धड तेवढे ठेवायचे. खाली एक मोठे कापड अंथरायचे, त्यावर एकेक थर सुरकुती न पडू देता पसरायचा, कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, पाट असे जे हाताला लागेल ते ठेवायचे. मग लांब लांब टाके घालून सगळे थर पकडून घ्यायचे आणि खरी शिलाई कडेने सुरू करायची. धावदोरा चारी बाजूंनी फिरत फिरत आत येतो आणि शेवटी मध्यावर संपतो. मध्यापासून सुरू केले तर कापड गोळा होते, हे आम्ही लहानपणी स्वतः करून पाहिले आहे आणि त्याबद्दल पाठीत धपाटाही खाल्ला आहे. मोठी गोधडी असली की गल्लीतल्या चार बायका चार बाजूंना बसत. लग्न, भांडण, मिलचा पगार, सगळे त्या टाक्यांबरोबर आत जाई. दुपट्याचे तसे नाही. ते एकटीचे काम. त्यात नवे कापड घालत नाहीत, कारण नव्या कापडाला खळ असते, ते बाळाच्या अंगाला टोचते. पन्नास वेळा धुतलेले सुती लुगडेच त्याला लागते.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, हिशेब घालण्याची खोड जात नाही. रोजचे दोन तास, चार महिने, म्हणजे सुमारे २४० तास. त्याला मजुरीने गुणून पाहिले आणि आलेला आकडा पाहून कागद खिशात घातला. ब्लँकेट साडेसहाशे रुपयांचे होते.

गाडी विष्णुपुरीवरून सोनखेड, लोह्याकडे निघाली. माय अर्ध्या तिकिटावर खिडकीशी. माळेगावची यात्रा भरते तो माळ गेला, अहमदपूर मागे पडले. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी राने, मध्ये बांध, बांधांवर एखादी बाभळ. तुकड्याला तुकडा जोडलेला. वाचकांना ठाऊक असेल, विनयपिटकात याच दृश्याची एक गोष्ट आहे. तथागत दक्षिणागिरीकडे चारिका करीत असता त्यांना मगधातील शेते दिसली, लांब आखलेली, बांध घातलेली, चौकोनांची. त्यांनी आनंदाला विचारले, असे चीवर तुला करता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर केले. आज भन्तेजींच्या अंगावर आपण जे चीवर पाहतो त्यावरच्या शिवणी म्हणजे ते बांध आहेत. आम्ही ही गोष्ट मायला सांगितली. तिने बाहेर पाहिले, गठुड्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "मग मी काय येगळं केलं?"

इथे आम्हाला एक कबुली दिली पाहिजे. मंडळाच्या कामात आम्ही वीस वर्षे आहोत. वस्त्यांतून बोलताना आम्ही नेहमी सांगत आलो की कुणाचे उतरलेले घेऊ नका, चिंध्यांचे जिणे सोडा. गावकीच्या काळात मढ्यावरचे कापड हा आपला 'हक्क' म्हणवला जाई. हक्क कसला, गळ्यातला फासच. आमच्या आज्याने ते कापड अंगावर घातले होते. म्हणून घरात ठिगळांची गोधडी दिसली की आम्हाला संकोच वाटे. पगार सुरू झाला त्या वर्षी आम्ही सोलापुरी चादरी आणल्या आणि गोधड्या माळ्यावर टाकल्या. माय तेव्हा काही बोलली नाही. थंडीत मात्र तिने आपली एक गुपचूप खाली काढली.

लातूरला गंजगोलाईत उतरून थोडी खरेदी केली. सोळा रस्ते येऊन मिळतात त्या गोलाईत नवा माणूस हमखास चुकतो. आम्ही दरवेळी चुकतो. मायला पांढऱ्या जाड दोऱ्याची रिळे हवी होती. दुकानदाराने आधी पॉलिएस्टरचा दोरा दाखवला. तो तिने बोटाला गुंडाळून ओढला आणि परत केला. "ह्यो कापड कापतो," म्हणाली. खरेच आहे. दोरा कापडापेक्षा चिवट झाला की धुण्यात टाक्याच्या जागी कापड फाटते. कापडाचेही तेच दुखणे. आता घरोघरी साड्या सिंथेटिकच्या. त्या थरात घसरतात, घाम शोषत नाहीत. सुती लुगडी नेसणाऱ्या बाया संपत आल्या, तशी गोधडीही आतून बदलत चालली आहे. आमचे वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते. तिथल्या कापडाची त्यांची दोन धोतरे मायने जपून ठेवली होती. मिल बंद पडली, वडील गेले, धोतरे राहिली. त्यातले एक दुपट्याच्या पोटात गेले आहे हे आम्हाला माहीत होते. आणखी काय गेले आहे ते माहीत नव्हते.

औसा, लामजना करीत दुपारी पोचलो. या भागात रस्ता जसजसा पुढे जातो तसे मन जड होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेले, माणसे दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या भाराचे माळवद. तेच अंगावर आले. हजारो माणसे गेली. ५२ गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. आम्ही तेव्हा आठवीत होतो. मायला टायफॉइड झाला म्हणून आक्का आठ दिवसांसाठी नांदेडला आली होती, दाजी शेतात जागलीवर होते, म्हणून दोघे वाचले. आक्काच्या सासूबाई घरात होत्या.

जुन्या गावठाणात आता वेड्या बाभळी माजल्या आहेत. नवे गाव सरळ रेषांचे, रुंद रस्त्यांचे. आक्काने सांगितले, त्या दिवसांत मदतीचे कपडे ट्रक भरभरून आले. देणाऱ्यांचे मन मोठे होते, पण खेड्यातल्या म्हातारीला कोट आणि फ्रॉक घेऊन करायचे काय? पत्र्याच्या शेडमध्ये पहिला हिवाळा काढायचा होता. मग बायांनी त्या कपड्यांची बटणे, चेना काढल्या, शिवणी उसवल्या आणि गोधड्या शिवल्या. शेडमध्ये रात्री झोप कुणालाच नव्हती, हाताला काम तरी मिळाले. आक्काकडे त्यातली एक अजून आहे. तिच्यात कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाची निळी पट्टी आहे. आणि दर वर्षी ती धुतली जाते. गावात नवरात्राआधी अंथरुणे धुण्याची रीत, आपल्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी, दिवस जवळजवळ तेच. फक्त २०१६ साली धुतली नाही. मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणले ते वर्ष. तेव्हा आधीच्या उन्हाळ्यापासून पाण्याची जी धास्ती बसली ती पाऊस पडल्यावरही लवकर गेली नाही.

रविवारी सकाळी मांडवात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पे वाहून त्रिशरण-पंचशील झाले, नाव ठेवले गेले, जयभीमचा घोष झाला. आहेर पुढे आला. आमचे ब्लँकेट सगळ्यांनी हात लावून पाहिले, मऊ आहे म्हणाले, पिशवीत परत घातले. मग आक्काने गठुडे सोडले.

लातूरच्या विहीणबाई शिकलेल्या, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. आम्ही जरा धास्तावलो. त्यांनी दुपटे उचलले आणि आधी उलटे केले. ज्याला शिवणकाम कळते तो आधी मागची बाजू पाहतो. "टाका दोन्हीकडून सारखा आहे. डोळ्यांना दिसतं का हो तुम्हाला एवढं?"

"दिसत न्हाई. बोटाला लागतं," माय म्हणाली.

दुपट्याची किनार हिरवी, लाल काठाची. इरकली लुगड्याची. विहीणबाईंनी विचारले, हा काठ कुठला? माय आक्काकडे बघू लागली. आक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या आत्याबाईचं लुगडं हाय. पेटीतलं."

भूकंपानंतर पाचव्या दिवशी ढिगाऱ्यातून लोखंडी पेटी निघाली होती. पत्रा चेपलेला, आत सासूबाईंची दोन लुगडी घडी घातलेली, मातीने भरलेली. आक्काने ती धुवून इतकी वर्षे ठेवली. नेसली नाही, कुणाला दिली नाही. भाचीला दिवस गेल्याचे कळल्यावर त्यातले एक तिने नांदेडला मायकडे पाठवले. आम्हाला कुणी सांगितले नाही. सांगितले असते तर आम्ही काय बोललो असतो ते त्या दोघींना ठाऊक होते.

आणि आम्ही बोललोच. मांडव मोकळा झाल्यावर हळूच मायला म्हटले, "माय, मेल्या माणसाचं कापड, तेही लेकराला? ज्या गोष्टीतून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढलं..."

माय रागावली नाही. म्हणाली, "ते मढ्यावरचं व्हतं, दुसऱ्यानं फेकलेलं, न्हाई म्हनायची सोय नव्हती. हे पेटीतलं हाय. आपल्या मानसाचं. आपल्या हातानं धुतलेलं."

विहीणबाई जवळच होत्या. त्यांनी महाडची आठवण काढली. १९२७ च्या डिसेंबरात तिथे बाबासाहेब महिलांशी बोलले ते भाषण त्यांना चांगले माहीत होते. कपड्याला ठिगळे असली तर असोत, पण तो स्वच्छ हवा, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले आहे, असे त्या म्हणाल्या. ते भाषण आम्हीही वाचले आहे. वस्तीत सांगताना आम्ही त्यातले 'स्वच्छ' तेवढे घेतले आणि ठिगळांचा भाग सोडून दिला, हे त्या क्षणी ध्यानात आले.

मग बराच वेळ आम्ही तिघे बोलत बसलो. भिक्खू पांसुकूल चीवरासाठी उकिरड्यावरचे, स्मशानातले कापड वेचीत, ते आपण होऊन. आमच्या आज्याला तेच कापड घ्यावे लागे, ते जुलमाने. कापड एकच, घेणाऱ्याच्या मनाची गोष्ट वेगळी. विहीणबाईंनी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या गावाचे सांगितले. गुलामांच्या वंशातल्या तिथल्या स्त्रिया नवऱ्यांच्या विटलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, कारण घरात हिवाळा घुसे. १९६० च्या दशकात मतदानाचा हक्क मागितला म्हणून त्या भागातल्या काही कुटुंबांना जमिनीवरून हाकलले, तेव्हा १९६६ साली बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. पुढे २००२ साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, २००६ साली अमेरिकेच्या पोस्टाने त्यांची तिकिटे काढली. आम्ही माळ्यावरच्या आमच्या गोधड्यांचा विचार करीत होतो.

मायला मात्र तिकिटांपेक्षा आनंदाची दुसरी गोष्ट आवडली. कोसंबीला उदेन राजाने विचारले, राण्यांनी तुम्हाला पाचशे वस्त्रे दिली, एवढ्यांचे करता काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे विरली त्या भिक्खूंना देतो. मग विरलेल्यांचे काय? पांघरायला. ती विरली की? अंथरायला, मग जमिनीवर टाकायला, मग पाय पुसायला, मग धूळ झटकायला. आणि तीही विरली की? कुटून, चिखलात कालवून जमीन सारवायला. लुगडे, गोधडी, पोतेरे हा मायचाच क्रम. ती हसली आणि म्हणाली, "त्याच्या घरात कुनी तरी बाई शानी असंल."

दुपारी बाळ त्या दुपट्यात झोपले. वैशाखाच्या उकाड्यात ब्लँकेट कुणी पिशवीतून काढले नाही. हिवाळ्यात लागेल, असे भाची आमचे मन राखून म्हणाली.

सोमवारी पहाटे परतलो. चाकूर गेल्यावर मायने विचारले, "तुझे हापिसातले जुने सदरे किती हायत? सुती?" आम्ही चार सांगितले. घरी आल्यावर दोन काढून दिले, त्यातल्या एकाच्या खिशावर पेनच्या शाईचा मोठा डाग आहे. तो तुकडा आतल्या थरात घाल, असे आम्ही तिला बजावले. चार दिवसांनी पाहिले तर खोलीत वाकळ पसरलेली, कोपऱ्यांवर तांब्या आणि पाट, आणि डागाचा खिसा बरोबर वरच्या बाजूला मध्यावर लावलेला. उशीला दहा सुया टोचलेल्या होत्या. त्यातल्या नऊ रिकाम्या होत्या.